हा प्रश्न आधी विचारलेला आहे

१६ जानेवारी
गुण ८४,३१०. मुंगूस ८१,९४०.

डॉक्टर म्हणाले, "राग गिळू नका आणि लोकांवर काढूही नका, वहीत लिहून काढा." गोळ्या लिहून दिल्या, मीठ बंद केलं आणि वर हा गृहपाठ दिला. वही बायकोने आणली. ती दातांच्या दवाखान्यात बसते, त्यामुळे मुखपृष्ठावर एक दाढ हसते आहे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दाढेच्या वहीत मन मोकळं करायचं आहे.

रागाचं कारण एकच, मुंगूस. मी प्रोग्रामर लोकांच्या इंटरनेटवरच्या मंचावर अकरा वर्षं उत्तरं देतो. तिथे माझं नाव वस्ताद. कुणाचं काही अडलं की प्रश्न टाकतो, आम्ही जाणकार उत्तर देतो, उत्तर आवडलं की वाचणारा मत देतो आणि एका मताचे दहा गुण मिळतात. गेली सहा वर्षं आमच्या विभागात मी पहिला आहे. दोन वर्षांपूर्वी हे मुंगूस नावाचं खातं कुठल्या बिळातून निघालं कोण जाणे. गोडगोड बोलून, 'छान प्रश्न' म्हणत म्हणत माझ्या मागे येऊन ठेपलं आहे. एप्रिलमध्ये मंचावर देखरेख ठेवणाऱ्या नियंत्रकपदाची निवडणूक आहे आणि जागा एकच.

बायकोने विचारलं, "त्या चौऱ्याऐंशी हजारांचं काय येतं?" मी म्हटलं, "मान येतो." ती म्हणाली, "मग जरा घरी पण आण."

१९ जानेवारी
गुण ८४,३६०. मुंगूस ८१,९९०.

आज ऑफिसबद्दल. आमची कंपनी औषधांच्या गोदामांसाठी प्रोग्राम बनवते. कुठलं खोकं कुठल्या फळीवर आहे, कुठलं आधी बाहेर काढायचं, मुदत संपायला किती दिवस उरले, असली कामं. आम्ही नऊ जण आहोत. कुणीही केलेला बदल मी पास केल्याशिवाय पुढे जात नाही. साहेबांना व्यवहार कळतो, आतलं काही कळत नाही. मी दाखवेन तेवढंच त्यांना दिसतं आणि ते बरंच आहे.

ऑक्टोबरात एक बाई नोकरीला लागल्या. चाळिशीच्या. बारा वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या, शाळा बंद पडली, मग वर्षभर रात्रीचा दिवस करून हे काम शिकल्या. ऑफिसात सगळे त्यांना बाईच म्हणतात. सहा महिने परीक्षेवर आहेत, एकतीस मार्चपर्यंत. पुढे ठेवायचं की नाही हे माझ्या अभिप्रायावर आहे. त्यांच्या नवऱ्याचं काहीतरी दुखणं आहे आणि घर बाईंवर चालतं, असं साहेब म्हणाले. माझ्या कानावर घालायचं म्हणून घातलं असणार.

पहिल्याच दिवशी बाई वही-पेन घेऊन माझ्या टेबलाशी आल्या होत्या. मी त्यांना स्वच्छ सांगितलं, तोंडी विचारायचं नाही. मंचावर शोधा, बहुतेक माझंच उत्तर सापडेल. नाही सापडलं तर मंचावर विचारा, म्हणजे चार लोकांच्या उपयोगी पडेल. हे मी सगळ्यांनाच सांगतो. तोंडी दिलेलं उत्तर वाऱ्यावर जातं, त्याची कुठे नोंद नाही. (आणि गुणही नाहीत. ही वही खासगी आहे म्हणून लिहितो.)

तेव्हापासून या बाईंनी मला एक अक्षर विचारलेलं नाही. साडेतीन महिने! नवख्या माणसाला प्रश्नच पडत नसतील तर एक तर तो काम करत नाही, नाहीतर त्याला फार येतं असं त्याला वाटतं. बारा वर्षं पोरांना उठाबशा काढायला लावलेल्या माणसाला दुसऱ्यापुढे मान तुकवणं जड जात असणार.

२२ जानेवारी
गुण ८४,४५०. मुंगूस ८२,०६०.

आज मजा आली. मंचावर पाटीपेन्सिल नावाचा एक प्राणी आहे. नावावरूनच कळतं, कुणीतरी शाळकरी पोरगा असणार. त्याने प्रश्न टाकला, तोही असा:

'दिलेले: आजची तारीख २० जानेवारी. मुदत २० मार्च असता उरलेले दिवस ५९ येतात. बरोबर. मुदत २० एप्रिल असता ८९ येतात. प्रत्यक्षात ९० हवेत. काढायचे आहे: एक दिवस कुठे गेला? रीत खाली दिली आहे. ही रीत मी वस्ताद यांच्या उत्तरातून घेतली आहे.'

पुढे (अ), (ब), (क) करून पानभर पायऱ्या होत्या. मी तिथवर गेलोच नाही. दोन तारखांमधले दिवस कसे मोजायचे याचं उत्तर मी अकरा वर्षांपूर्वीच दिलेलं आहे: दोन तारखांमधले तास काढा, चोवीसने भागा, उरलेलं टाकून द्या. माझं सर्वांत गाजलेलं उत्तर आहे हे. दोन हजारांवर मतं आहेत. अर्धं जग ते उचलून वापरतं, आमच्या कंपनीच्या प्रोग्रामातही तेच आहे आणि या पोराला त्यात चूक दिसली.

आमच्या मंचाची एक शिस्त आहे. तोच प्रश्न पुन्हा कुणी विचारला तर त्यावर 'हा प्रश्न आधी विचारलेला आहे' असा शिक्का मारून जुन्या उत्तराचा पत्ता द्यायचा आणि प्रश्न बंद करायचा. मग त्याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. इतरांना त्यासाठी पाच जणांची सही लागते, मला एकट्याला हा अधिकार आहे. मी शिक्का मारला आणि खाली लिहिलं, 'भागाकार शिकून या.' चौदा जणांना ते आवडलं.

२३ जानेवारी
गुण ८४,४७०. मुंगूस ८२,१३०.

मुंगसाने नाक खुपसलंच. बंद प्रश्नाला उत्तर देता येत नाही, पण खाली शेरा लिहिता येतो. त्याने लिहिलं: 'फार नीट मांडलेला प्रश्न आहे. तुमचं गिऱ्हाईक अशा देशात आहे का, जिथे उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे करतात? त्या दिवशी दिवस तेवीस तासांचा होतो. तास मोजून भागलं की एक दिवस कमी पडणार. तास मोजू नका, दिनदर्शिकेवरचे दिवस मोजा. वस्ताद, हा प्रश्न वेगळा आहे, उघडाल का?'

उघडाल का म्हणे! चार लोकांत मला शहाणपण शिकवतो. निवडणूक तोंडावर आली आहे, लोकांना दाखवायचं आहे की बघा मी किती प्रेमळ. मी लिहिलं, 'नियम सर्वांना सारखा.' त्याने पुढे काही लिहिलं नाही. हे त्याचं नेहमीचंच आहे, भांडायला येतो आणि भांडत नाही.

तेवीस तासांचं त्याचं म्हणणं तसं खरं आहे. पण ते माझ्या उत्तराखाली मोठ्या मनाने वेगळं कळवता आलं असतं. माझी अब्रू चव्हाट्यावर आणायची काय गरज होती?

३० जानेवारी
गुण ८४,५२०. मुंगूस ८२,६१०.

पाटीपेन्सिलने पुन्हा प्रश्न टाकला. या वेळी वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'हा प्रश्न आधीच्या प्रश्नाहून वेगळा का आहे' आणि पुढे सिद्धता. शेवटी म्हणे, 'मला मुंगूस यांचे म्हणणे पटले आहे. परंतु ज्यांचे उत्तर आमच्याकडे वापरले जाते त्यांच्याकडूनच खात्री करून घेणे योग्य वाटते. माझी नोकरी नवीन आहे. कृपया पूर्ण वाचावे.'

चाळीस सेकंदांत बंद केला. हा माझा विक्रम असावा. नोकरी नवीन आहे तर ऑफिसात विचार ना बाबा, तिथे कुणी मोठं माणूस नाही का?

ऑफिसात बाईंचं आज काहीतरी बिनसलं होतं. सकाळी दहाच्या सुमारास पडद्याकडे बघता बघता उठल्या आणि चहाच्या खोलीत बराच वेळ उभ्या राहिल्या. मी कप विसळायला गेलो तर तोंड फिरवून नळ सोडला. नवऱ्याचं दुखणं वाढलं असेल. मी काही विचारलं नाही, बायकांच्या घरच्या गोष्टीत आपण पडू नये.

११ फेब्रुवारी
गुण ८४,७९०. मुंगूस ८३,३००.

आज बाईंनी एक बदल माझ्याकडे पाठवला. दिवस मोजायची माझी जुनी रीत काढून दिनदर्शिकेवरून मोजायची रीत घातली होती. मुंगसाने सांगितली तीच, तंतोतंत! मला क्षणभर कळेना, मग लख्ख प्रकाश पडला. बाई मंचावर चोरून वाचतात, त्या पोराच्या प्रश्नाखालचा मुंगसाचा शेरा वाचला आणि इकडे आणून चिकटवला. स्वतःची अक्कल काडीची नाही.

बोलावलं त्यांना.

"हे कुठून आणलंत?"

"मंचावरून. पण मी स्वतः पडताळून पाहिलं सर. ते नवीन गिऱ्हाईक आहे ना परदेशातलं, त्यांच्याकडे मार्चअखेर घड्याळ पुढे करतात. त्यांच्या एप्रिलच्या तारखा आपल्याकडे एक दिवसाने कमी येतायत."

"त्यांनी तक्रार केलीय?"

"अजून नाही."

"मग चालतंय त्याला हात कशाला लावायचा?"

"चालत नाहीये सर. तीस दिवसांपेक्षा कमी मुदत उरली की ते माल नष्ट करतात. एक दिवस चुकला तरी..."

"बाई, ही रीत अकरा वर्षं चालतेय. दोन हजार लोकांनी पास केलीय. तुम्ही किती दिवस झाले हे काम करताय?"

बाई म्हणाल्या, "एकशे चौतीस." गणिताच्याच बाई त्या, लगेच सांगितलं. मग जागेवर जाऊन बसल्या. मी बदल नाकारला आणि कारण लिहिलं, 'अनावश्यक. मंचावरून आंधळेपणाने उचलू नये.'

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "पण त्या म्हणतात ते बरोबर आहे का?" मी म्हटलं, प्रश्न तो नाही. ती म्हणाली, "मला वाटलं तोच आहे." आणि कणीक मळायला लागली.

२७ फेब्रुवारी
गुण ८५,०१०. मुंगूस ८४,१२०.

साहेबांनी बाईंबद्दल अभिप्राय मागितला. मी लिहिला, कुणावर अन्याय नको म्हणून दोनदा वाचला. 'कष्टाळू आहेत. वेळेवर येतात. मात्र प्रश्न विचारत नाहीत, त्यामुळे शिकण्याची वृत्ती दिसत नाही. ज्येष्ठांच्या कामाबद्दल पुरेसा आदर नाही. बाहेरचे उचलण्याकडे कल.' साहेब म्हणाले, "म्हणजे ठेवायचं नाही?" मी म्हटलं, "अजून महिना आहे, बघू या." यापेक्षा न्यायाने कोण वागेल?

निवडणुकीला मुंगसाने अर्ज भरला. अर्जात लिहिलं आहे, 'मला फार येत नाही, पण मी प्रश्न पूर्ण वाचतो.' हा टोला मलाच आहे. रक्तदाब एकशे सत्तर.

११ मार्च

गुण पाहिले नाहीत.

काल त्या परदेशातल्या गोदामात आमच्या प्रोग्रामने दोनशे बारा खोकी बाद केली. मधुमेहाची इंजेक्शनं होती. मुदत नऊ एप्रिल, काल दहा मार्च, म्हणजे शिल्लक बरोबर तीस दिवस. आमच्या प्रोग्रामने एकोणतीस दाखवले. नियमाप्रमाणे माल संध्याकाळपर्यंत चिरडून टाकला. तो तिथल्या आठ इस्पितळांत जायचा होता. आज सकाळी त्यांच्या इस्पितळांनी विचारलं, माल कुठे आहे, तेव्हा कुणीतरी बोटांवर दिवस मोजले.

साहेब पांढरेफटक पडून आले. "तारखांचा भाग कुणाकडे आहे?" कामाच्या वाटपाच्या पाटीवर लिहिलेलं होतंच, नोव्हेंबरपासून तो भाग बाईंकडे. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं.

साहेब म्हणाले, "आधी दुरुस्त करा, मग बघू." बाईंचा मी नाकारलेला बदल शोधून काढला आणि पास केला. चार मिनिटांत दुरुस्त झालं. साहेबांनी माझे आभार मानले.

१२ मार्च



दुपारी सगळे जेवायला गेल्यावर बाई टेबलाशी आल्या. मी आधीच ठरवलं होतं, त्यांना धीर द्यायचा. म्हटलं, "बाई, चुका सगळ्यांच्याच होतात. पण तुम्ही मला आधी नीट विचारायला हवं होतं."

त्या म्हणाल्या, "विचारलं होतं सर."

"कधी? तुम्ही मला एकदाही काही विचारलेलं नाही."

"अकरा वेळा विचारलं. तुम्ही सांगितलं होतंत ना, तोंडी नको, मंचावर विचारा. तिथे विचारलं. त्यातले नऊ तुम्ही बंद केलेत." त्यांनी आवाज अजिबात चढवला नाही. वर्गात गुण वाचून दाखवावेत तसं सांगितलं. "पाटीपेन्सिल मीच."

मी म्हटलं, "मला काय माहीत तुम्ही तुम्हीच आहात म्हणून? सांगायचं होतं."

"दुसऱ्या कुणी विचारला असता तरी प्रश्न तोच होता ना?"

मी कीबोर्ड सरळ केला.

"मला एकच सांगायचंय," त्या म्हणाल्या. "साहेबांना तुम्ही सांगा. मी बदल पाठवला होता, तुम्ही परत पाठवलात, त्याची तारीख आहे. मी सांगितलं तर चुगली केल्यासारखं होईल. तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील. मला ही नोकरी हवी आहे सर. मी मागून घेतेय असं समजा."

"बघतो," मी म्हटलं. त्या 'बरं' म्हणाल्या आणि डबा घेऊन जेवायला गेल्या.

संध्याकाळी मंचावर जाऊन त्यांचे नऊही प्रश्न शेवटपर्यंत वाचले. चांगले आहेत. दोन तर असे आहेत की मला लगेच उत्तर आलं नसतं. 'भागाकार शिकून या' खाली आता एकोणीस जणांनी पसंती दिली आहे. ते वाक्य पुसता येतं का पाहिलं. इतके दिवस झाल्यावर येत नाही.

१३ मार्च
गुण ८५,०७०. मुंगूस ८४,३९०.

साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेलो. पहिल्या वेळी ते फोनवर होते. दुसऱ्या वेळी नव्हते.

काय सांगायचं हे पाठ केलं होतं. 'बाईंनी चूक एक महिना आधी दाखवली होती, मी नाकारली.' एवढंच वाक्य. पण पुढचा प्रश्न येणार, का नाकारली? मग मंच, मुंगूस, निवडणूक, ऑफिसच्या वेळात मी तिथे काय करतो, सगळंच बाहेर येणार. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण उभं करेल? बाईंचं वय कमी आहे, त्यांना कुठेही मिळेल. निदान शाळा तरी आहेतच.

खरं लिहायचं तर मला भीती वाटली. वही माझीच आहे, इथे तरी कशाला लपवू?

१६ मार्च
गुण ८५,०७०. मुंगूस ८४,५५०.

चार दिवस अन्न गोड लागत नव्हतं. आज रविवार, सकाळी मनाचा हिय्या केला आणि लिहून काढलं. मंचावर, माझ्या त्या गाजलेल्या उत्तराच्याच वर. 'हे उत्तर चूक आहे. अकरा वर्षं चूक होतं. एका नवख्या सदस्याने मला ते दोनदा दाखवलं आणि मी अहंकारापायी त्याचं तोंड बंद केलं. मुंगूस यांचं म्हणणं बरोबर होतं. त्या सदस्याची आणि सर्वांची माफी मागतो.' खाली योग्य रीत दिली. पाटीपेन्सिलचे नऊही प्रश्न उघडले.

लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चांगलं केलंस. साहेबांना कधी सांगतोयस?" मी म्हटलं, आधी महत्त्वाचं ते केलं. ती म्हणाली, "कुणासाठी महत्त्वाचं?" हिला कशाचं समाधान म्हणून नाहीच.

१८ मार्च
गुण ८५,९४०. मुंगूस ८४,७६०.

दोन दिवसांत सत्त्याऐंशी मतं! लोकांनी काय काय लिहिलं आहे. 'याला म्हणतात मोठं मन.' 'अकरा वर्षांच्या उत्तराला स्वतः चूक म्हणायला छाती लागते.' 'नियंत्रक असावा तर असा.' मुंगसानेसुद्धा लिहिलं, 'धन्यवाद, वस्ताद. त्या सदस्याला कळवलंत का?' पुन्हा खोडी काढलीच. मंचावर लिहिलं म्हणजे कळवलंच ना.

साहेबांनी आज बोलावलं. गिऱ्हाइकाला लेखी खुलासा हवा आहे.

"तुम्ही मला फक्त सांगा, चूक कुणाची धरायची?"

माझ्या तोंडात वाक्य आलं होतं. अगदी जिभेवर होतं.

"तशी एकाची म्हणता येणार नाही साहेब. पद्धतीतच त्रुटी राहिली."

"पण भाग बाईंकडे होता."

"होता," मी म्हटलं. हे खोटं नव्हे.

"आणि तुमचा अभिप्राय तर आधीच आलाय." साहेबांनी मान हलवली. "वाईट वाटतं हो. तुम्ही त्यांना सांभाळून घ्यायचा बराच प्रयत्न केलात, दिसतंय मला."

मी बाहेर आलो. बाई आपल्या जागेवर काम करत होत्या. मी त्यांच्या टेबलाजवळून गेलो तेव्हा त्यांनी वर पाहिलं, मी खिशातला फोन काढून कानाला लावला.

३१ मार्च
गुण ८६,०२०. मुंगूस ८५,०८०.

बाईंचा शेवटचा दिवस. साहेबांनी पेढेवजा काही आणलं होतं, कुणी फारसं घेतलं नाही. बाईंनी आपलं टेबल पुसून काढलं आणि ज्या ज्या कामाचं काय चाललं आहे ते एका वहीत क्रमाने लिहून माझ्याकडे दिलं. सुंदर अक्षर आहे. अशी वही या ऑफिसात आजवर कुणी कुणाला दिलेली नाही.

जाताना माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं, आता बोलतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं की मंचावर मी सगळ्यांसमोर माफी मागितली आहे, त्याहून जास्त माणूस काय करणार.

त्या म्हणाल्या, "तुमची माफी वाचली सर. छान लिहिलीय." मग म्हणाल्या, "फक्त माझे साहेब ते वाचत नाहीत."

पाणी पिऊन गेल्या. माझं तयार उत्तर तसंच राहिलं.

७ एप्रिल
गुण ८६,०५०. मुंगूस ८५,२१०.

निवडून आलो. दुपटीने! मुंगसाने सर्वांत आधी अभिनंदन केलं. अकरा वर्षांचं चीज झालं. बायकोला फोन केला तर दवाखान्यात गर्दी होती. म्हणाली, "बरं झालं. ठेवते." घरी आल्यावर तिने विचारलं, "त्या बाईंना कुठे काम लागलं का?" मला माहीत नव्हतं. माझ्या आनंदाच्या दिवशी तिला नेमकं तेच आठवावं.

ऑफिसात त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही.

८ एप्रिल
गुण ८४,७९०. मुंगूस ८५,२१०.

सकाळी उघडून पाहतो तर एका रात्रीत एक हजार दोनशे साठ गुण कमी. पहिल्या नंबरावर मुंगूस. डोकंच फिरलं. म्हटलं, हरला म्हणून डाव साधला, कुणालातरी हाताशी धरून माझी मतं पाडली. आता मी नियंत्रक आहे, आतली नोंदवही मला दिसते. ऑफिसात गेलो, खुर्चीत बसलो आणि आधी तीच उघडली.

मुंगसाचा संबंध नव्हता. नोंद एका ओळीची होती: 'सदस्य पाटीपेन्सिल यांनी खाते स्वतः बंद केले. त्यांनी दिलेली मते रद्द.' खाली यादी. एकशे सव्वीस मतं, सगळी एकाच सदस्याला. वस्ताद.

यादी वाचत गेलो. पहिलं मत दोन ऑक्टोबरचं, म्हणजे नोकरीचा दुसरा दिवस. मग रोज एक, कधी दोन. माझी अगदी सुरुवातीची उत्तरं, जी मीही विसरलो होतो, ज्यांना दुसरं मतच नाही, तीसुद्धा. मी सांगितलं म्हणून बाई माझं सगळं लिखाण पहिल्या पानापासून वाचत आल्या होत्या. शेवटचं मत एकवीस जानेवारीचं. बावीसला मी त्यांना भागाकार शिकून यायला सांगितलं.

मला लाज वाटली. साहेबांच्या दाराकडे पाहिलं. ते आत होते, एकटे होते, दार उघडं होतं. एखादं मिनिट मी उठतो आहे असं मला वाटत होतं.

नियंत्रकाला रद्द झालेली मतं परत बसवता येतात. कारण लिहावं लागतं. मी 'तांत्रिक चूक' लिहिलं आणि बटण दाबलं. ८६,०५० झाले. मग डबा खाल्ला आणि कामाला लागलो.